काचेवरील नावामागचा माणूस : एमिल गाले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा मी माझ्या बदल्यांच्या हकिगती लिहीन असा बहुतेकांचा कयास होता. तसे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु माझ्या हातून घडलेली एक जुनी चूक मनात सलत आहे, आणि ती उघड कबूल करण्यास याहून बरी संधी मिळावयाची नाही. ही चूक एका फुलदाणीसंबंधीची आहे.

आपल्या मंडळातील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आपण सारे नाना म्हणतो, त्यांच्या दिवाणखान्यातील कपाटात ही फुलदाणी ठेवलेली आहे. उंची वीतभर. मधासारख्या पिवळ्या काचेवर जांभळट तांबूस रंगाची आलुबुखाऱ्याची फळे व पाने उठावाने आलेली आहेत, आणि पानांच्या खाली ‘गाले’ हे फ्रेंच नाव आहे. नानांचे वडील कोलकात्यास नोकरीत असताना त्यांनी ती एका लिलावात घेतली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी या गावी प्रथम बदलून आलो, तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरास सर्व विषयांत गती असते अशा काहीशा समजुतीने नानांनी ती माझ्या हाती दिली व ही कोणाची, केव्हाची, असे विचारले. योगायोगाने मी एक पुस्तक चाळलेले होते. गाले यांच्या निधनानंतर त्यांच्या कारखान्याने नावाशेजारी एक लहानसा तारा काढण्यास आरंभ केला, एवढे त्यातून माझ्या ध्यानी राहिले होते. या फुलदाणीवर तारा नव्हता. सबब ती गाले यांच्या हयातीतील, म्हणजे १९०४ पूर्वीची व प्रत्यक्ष त्यांच्या देखरेखीखाली झालेली, असा निर्वाळा मी देऊन टाकला. नानांनी त्याच संध्याकाळी नागपूरच्या आपल्या भगिनीस, आक्कांस, पत्र लिहून ही आनंदाची वार्ता कळविली.

माझा निर्वाळा साफ चुकीचा होता. तो कसा चुकला हे सांगावयाचे, तर त्या नावाच्या माणसाचे चरित्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

एमिल गाले यांचा जन्म ४ मे १८४६ रोजी फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील नान्सी या शहरी झाला. वडील शार्ल गाले चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करीत. नान्सीतील रायनेमेर घराण्याच्या फानी नामक कन्येशी विवाह करून ते तिच्या माहेरच्या काच व चिनी मातीच्या सामानाच्या व्यापारात शिरले. आपल्याकडील भाषेत त्यांना घरजावई म्हणावयास हरकत नाही. एमिल हा मुलगा दुकानात वाढला खरा, पण त्याचे मन रमले ते रानात. नान्सी येथे गोद्रों नावाचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. लोरेन प्रांतातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांच्यामुळे या मुलास वनस्पतींचे जे वेड लागले, ते जन्मभर टिकले. हे वेड हौसेखातर नव्हते. पुढे गाले नान्सीच्या उद्यानविद्या संस्थेचे चिटणीस झाले, लोरेनमधील रानटी ऑर्किडांच्या रूपभेदांवर त्यांनी शास्त्रीय निबंध लिहिला, आणि तो १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे आला. त्यांच्या काचेवर उमटलेले फूल हे नुसते ‘फूल’ नसते. ते अमुक जातीचे, अमुक ऋतूतील फूल असते. कळी, उमललेले फूल, वाळलेले बोंड या अवस्थाही पुष्कळदा एकाच पात्रावर दिसतात.

शिक्षणासाठी ते काही काळ जर्मनीतील वायमार येथे राहिले. नंतर काचेचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी त्यांनी मायझेनथाल हे गाव गाठले. व्होज पर्वतराजीच्या उत्तर टोकाशी असलेल्या या खेड्यात बुरगुन व श्व्हेरेर यांची जुनी काचभट्टी होती, व गाले घराण्याचा माल तेथेच होत असे. काच कशी वितळते, कोणत्या धातूच्या भस्माने कोणता रंग चढतो, दोन प्रकारच्या काचा एकमेकींशी का जुळत नाहीत, हे सारे त्यांनी येथे भट्टीसमोर उभे राहून शिकून घेतले. येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. गाले स्वतः फुंकनळी हाती धरून काच फुंकणारे कारागीर नव्हते. ते आराखडे करीत, रंगांचे प्रयोग करीत, सूचनांची टिपणे लिहीत. फुंकणारे, कोरणारे हात इतरांचे असत. ‘गाले यांनी केलेली’ फुलदाणी असे म्हणताना याचे स्मरण ठेवावे.

१८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध जुंपले. गाले स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाले. फ्रान्सचा पराभव झाला व १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहाने अल्सास आणि लोरेनचा मोठा तुकडा जर्मनीकडे गेला. नान्सी फ्रान्समध्ये राहिले, परंतु एकाएकी सीमेवरचे शहर होऊन बसले. फ्रेंच नागरिकत्व ठेवू इच्छिणाऱ्यांनी १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत गेलेला मुलूख सोडावा, असा नियम होता. हजारो कुटुंबे घरदार सोडून आली व त्यांतील पुष्कळ नान्सीत विसावली. बिच या गावचे दोम नावाचे एक नोटरी असेच येथे आले. दिलेल्या कर्जाच्या वसुलीपोटी १८७८ मध्ये एक काचकारखाना त्यांच्या गळ्यात पडला, आणि पुढे त्यांच्या मुलांनी गाले यांच्या तोडीस तोड काच केली. दूरच्या गावी बिऱ्हाड मांडून बसलेल्या आपल्यासारख्यांना या नान्सीची कल्पना करणे अवघड जाऊ नये. फरक एवढाच की, आपणांस रजा मिळाली की गाडी धरता येते. त्यांच्या गावावर परक्याचे निशाण होते.

आणि मायझेनथाल? ते तहान्वये जर्मनीत गेले. म्हणजे नान्सीचे गाले आपली काच ज्या भट्टीत करवून घेत, ती भट्टी आता परदेशात होती. पण कारागीर तेथे, ज्ञान तेथे. तेव्हा व्यवहार चालूच राहिला. १८८५ मध्ये गाले यांनी त्या कारखान्याशी रीतसर करार केला. देझिरे क्रिस्तियाँ या तेथील कसबी कारागिराच्या हाताखाली गाले यांच्या आराखड्यांप्रमाणे काम होई, व त्यासंबंधी गुप्तता पाळावयाची असे. १८९४ मध्ये गाले यांनी नान्सी येथे स्वतःची काचभट्टी पेटविली, तोपर्यंत हे असेच चालले. सबब एखाद्या पात्रावर ‘नान्सी’ असे कोरलेले असेल आणि ते १८९४ पूर्वीचे असेल, तर त्याची काच बहुधा जर्मन अमलाखालील भूमीत वितळलेली असते. ज्या माणसाने गेलेल्या प्रांताचे दुःख जन्मभर उराशी बाळगले, १८८९ च्या प्रदर्शनात ऱ्हाईन नदीचे प्रतीक घेऊन त्या दुःखावर एक मोठे टेबल घडविले, त्याचीच काच सीमेपलीकडून येत होती. काही टीकाकार यास दुटप्पीपणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. सीमा सरकारे आखतात, भट्टी उचलून नेता येत नाही.

१८७५ मध्ये गाले यांचा विवाह आंरिएत ग्रिम हिच्याशी झाला. ती अल्सासमधील एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची कन्या. त्यांना चार मुली झाल्या. १८७७ मध्ये वडिलांनी धंदा मुलाच्या स्वाधीन केला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गाले यांनी कोबाल्टच्या किंचित छटेने निळसर झालेली, चंद्रप्रकाशासारखी काच मांडली, व तिची वाहवा झाली. त्याच प्रदर्शनातील एका पात्रावर जपानी चित्रकार होकुसाई याच्या चित्रसंग्रहावरून घेतलेला मासा आहे; ते पॅरिसच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. लंडनच्या संग्रहालयात त्यांनी मशिदींतून टांगावयाचे मिनाकामाचे जुने दिवे पाहिले. १८८५ मध्ये बर्लिनला जाऊन चिनी काचेच्या तपकिरीच्या कुप्या न्याहाळल्या. त्याच वर्षी ताकाशिमा होक्काई नावाचे जपानी अधिकारी नान्सीच्या वनविद्यालयात शिकण्यास आले. ते चित्रकारही होते, आणि त्यांची व गाले यांची मैत्री जमली. जपानी वनाधिकारी व फ्रेंच काचकार एका बागेत वाकून एकच पान पाहत आहेत, हे चित्र मला फार आवडते. सरकारी नोकरीत असूनही माणसास चित्रे काढता येतात, हा दिलासा त्यात आहेच.

आता त्या चिनी कुप्यांनी गाले यांस काय दिले ते पाहू, कारण नानांच्या फुलदाणीचे कुलूप याच किल्लीने उघडते. एका रंगाच्या तप्त काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवावयाचा, त्यावर हवा तर तिसरा. हळूहळू थंड झाल्यावर नको असलेला वरचा भाग काढून टाकावयाचा, म्हणजे खालच्या रंगावर वरच्या रंगाची नक्षी उभी राहते. हे काढणे दोन प्रकारे होते. एक, लहान फिरत्या चाकाने कोरून. यास महिनोन्‌महिने लागतात व निष्णात हात लागतो. दुसरे, आम्लाने. जी नक्षी राखावयाची तिच्यावर डांबरी वार्निशाचा लेप द्यावयाचा व पात्र हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवावयाचे. उघडा भाग आम्ल खाऊन टाकते. १८८९ च्या प्रदर्शनात थरांच्या काचेची ही कामे झळकली आणि काचेसाठी सर्वोच्च पारितोषिक गाले यांस मिळाले. पुढे १८९८ मध्ये त्यांनी आणखी एका कृतीचे पेटंट घेतले. मऊ, तप्त पात्राच्या अंगात रंगीत काचेचे तुकडे दाबून बसवावयाचे, लाकडात हस्तिदंत जडवावा तसे, व मग त्यांवर कोरावयाचे. पण वेगवेगळ्या काचा थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. कित्येक पात्रे भट्टीबाहेर येताच तडकत. म्हणूनच जी वाचली ती दुर्मीळ.

मात्र सर्व माल असा नव्हता. १९०० च्या सुमारास त्यांच्याकडे ३०० च्या आसपास माणसे कामास होती. एवढ्यांचा पगार थोड्याशा अद्वितीय पात्रांवर निघत नाही. तेव्हा एकीकडे संग्रहालयांसाठी व राजेरजवाड्यांसाठी एकेक पात्र, आणि दुसरीकडे मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यासाठी आम्लाने कोरलेल्या शेकडो फुलदाण्या, अशी दुहेरी विणकाम चाले. सामान्यांच्या घरी सुंदर वस्तू जावी, हे त्यांचे मत प्रामाणिक होते. दोहोंवर नाव एकच.

लुई पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त त्यांच्या जुन्या विद्यालयाने जे काचपात्र गाले यांच्याकडून करवून घेतले, त्यावर त्यांनी चक्क सूक्ष्मजंतूंच्या आकृती कोरल्या. ते १८९३ मध्ये पुरे झाले. सूक्ष्मदर्शकाखालील जगातही त्यांना नक्षी दिसली, ती त्यांच्यातील शास्त्रज्ञामुळे.

आता त्यांच्या आयुष्यातील कठीण पर्वाकडे येतो. १८९४ मध्ये आल्फ्रेड ड्रेफस या सैन्याधिकाऱ्यास जर्मनीस गुपिते विकल्याच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. ड्रेफस ज्यू होते व मूळचे अल्सासचे. सारा फ्रान्स दुभंगला. नान्सी हे सीमेवरचे, सैन्यावर भिस्त ठेवून जगणारे शहर. तेथे ड्रेफसची बाजू घेणे म्हणजे देशद्रोहच समजला जाई. गाले यांनी ती बाजू घेतली, उघडपणे घेतली. मानवी हक्कांसाठी १८९८ मध्ये निघालेल्या संघटनेच्या नान्सी शाखेचे ते कोषाध्यक्ष झाले. गिऱ्हाइके तुटली, जुने स्नेही रस्त्यात मान फिरवू लागले. दुकान चालविणाऱ्या माणसाने असे करावे काय, असा व्यवहारी प्रश्न आपल्यातील पुष्कळांच्या ओठी येईल, माझ्याही आला होता. त्यांनी तर पुढे जाऊन आपला चित्रकार मित्र व्हिक्तोर प्रूव्हे याच्या साहाय्याने ‘काळी माणसे’ या नावाचे एक पात्र घडविले. गर्द काचेतून असत्य व द्वेष पसरविणाऱ्या भेसूर काळ्या आकृती वर येताहेत, असे त्याचे स्वरूप आहे. आर्मेनियन लोकांच्या कत्तलींविषयीही त्यांनी काचेतून शोक व्यक्त केला. ही पात्रे त्यांनी खाजगीत ठेवली नाहीत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, सगळ्या जगासमोर मांडली. फुलदाणी म्हणजे फुले ठेवण्याची वस्तू, एवढेच ज्यांना ठाऊक होते त्यांची काय अवस्था झाली असेल! त्या प्रदर्शनात त्यांना पुन्हा सर्वोच्च पारितोषिके मिळाली. गावातील कडवटपणा मात्र त्याने ओसरला नाही.

तरीही १९०१ मध्ये नान्सीच्या कलाकारांची व कारखानदारांची एक संघटना उभी राहिली, तिचे अध्यक्षपद गाले यांजकडेच आले. लाकूडकामात नामांकित माजोरेल, दोम बंधूंपैकी आंतोनँ, सुतारकलेतील व्हालँ व प्रूव्हे असे धंद्यातील प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. त्यास ‘नान्सीची शाळा’ असे नाव पडले. पण अध्यक्ष आतून पोखरला जात होता. रक्ताच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले. अखेरच्या वर्षी, १९०४ मध्ये, त्यांनी काचेचा एक हात केला. समुद्राच्या तळातून वर येणारा तो हात. बोटांना शेवाळ व शिंपले चिकटलेले. बुडणाऱ्याचा म्हणावा की उगवणाऱ्याचा, हे ठरविणे पाहणाऱ्यावर. २३ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गाले नान्सी येथे निवर्तले. ड्रेफस निर्दोष ठरले ते १९०६ मध्ये. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

येथे सर्वसाधारण चरित्रे संपतात. आपले अर्धे काम आता सुरू होते.

आंरिएतबाईंनी कारखाना बंद केला नाही. कामगारांचे संसार त्यावर होते. पतीच्या निधनानंतर काही वर्षे नावाशेजारी तारा काढला जाई, तोच मी पुस्तकात वाचलेला तारा. १९१४ मध्ये आंरिएतबाई वारल्या, महायुद्ध आले, आणि ते संपल्यावर जावई पॉल पेर्द्रिझे यांच्या देखरेखीखाली भट्ट्या पुन्हा जोमाने चालू झाल्या. या काळात नावाशेजारी तारा नव्हता! म्हणजे तारा असल्यास वस्तू १९०४ नंतरची, हे खरे. पण तारा नसल्यास ती १९०४ पूर्वीची, हे मुळीच खरे नाही. कार्यालयात एखाद्या कनिष्ठ लिपिकाने असा उफराटा तर्क टिपणात केला असता, तर मी लाल शाईने शेरा मारला असता. कारखाना १९३० च्या दशकात कायमचा बंद झाला. गाले यांनी स्वतः जितकी वर्षे तो चालविला, जवळजवळ तितकीच वर्षे तो त्यांच्यामागे त्यांच्याच नावाने चालला.

नावाची गंमत एवढ्यावर थांबत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस रुमानियात जुन्या पद्धतीच्या थरांच्या काचेची नक्कल मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. त्यांवर ‘गाले’ या नावाजवळ ‘टिप’ असा तीन अक्षरी रोमन शब्द असे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘धर्तीचे’. निर्माते तसे सरळ होते. मधले विक्रेते तो शब्द घासून टाकीत, व नाव तेवढे राहत असे. आपल्यापैकी कोणाच्या घरी लिलावातील वा वारशाने आलेली अशी वस्तू असेल, तर नावाच्या आजूबाजूस बोट फिरवून पाहावे. घासलेला गुळगुळीत वा खोलगट पट्टा लागला तर संशय घ्यावा. मग नाव सोडून काच पाहावी. आत दिवा धरला असता खऱ्या थरांच्या कामात पानाच्या कडेशी रंग विरळ होत गेलेला दिसतो. नुसत्या रंगविलेल्या काचेत तो तसा विरत नाही. आम्लाने केलेल्या सर्वसाधारण पात्रावर नावही नक्षीच्याच थरातून उठावाने आलेले असते. आणि सर्वांत शेवटी, नक्षीतील झाड ओळखू येते का ते पाहावे. पाने कोणत्याच झाडाची नसतील, तर तेथे गाले यांची शिस्त नव्हती.

नानांची फुलदाणी बनावट मात्र नाही. गेल्या हिवाळ्यात मी विजेरी घेऊन त्यांच्याकडे गेलो व परवानगीने फुलदाणी पुन्हा हाती घेतली. तोंडातून बोट आत घातले. बाहेर जेथे आलुबुखाऱ्याचे फळ फुगलेले आहे, नेमकी तेथेच आतल्या बाजूस खळगी लागली. म्हणजे ही फळे कोरून उठविलेली नाहीत. तप्त काच साच्यात फुंकून ती आतून बाहेर फुगविलेली आहेत, व नंतर आम्लाने कडा साफ केल्या आहेत. ही पद्धत त्या कारखान्यात महायुद्धानंतर, १९२० च्या दशकात आली. एमिल गाले यांनी ही फुलदाणी कधी पाहिली नाही. तिच्या जन्मापूर्वी त्यांना जाऊन किमान पंधरा वर्षे लोटली होती. बाजारात या साच्याच्या फुलदाण्यांनाही मोठी किंमत येते, हे मी घाईघाईने सांगून टाकले. आपल्याकडील १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांची अट घालतो, त्याच्या उंबरठ्यावर ती उभी आहे, हेही सांगितले.

नानांनी ते ऐकले न ऐकलेसे केले. मग ही फुंकली कोणी, एवढेच त्यांनी विचारले. साच्यात काच फुंकणाऱ्या कामगाराचे नाव तिच्यावर कोठेही नाही, असे मी म्हणालो. त्यांनी आपले बोट त्या खळगीत घालून पाहिले, बराच वेळ ते तेथेच ठेवले, आणि फुलदाणी कपाटात होती तेथे गणपतीशेजारी ठेवून दिली. मग म्हणाले की, आक्कांस खरे काय ते आता मीच कळवावे, कारण पहिली बातमी माझ्या भरवशावर गेली होती. त्याप्रमाणे मी नागपूरला सविस्तर पत्र घातले आहे. आक्कांचे वय आता ८७ आहे, अक्षर मोठे काढावे अशी नानांची सूचना होती, ती पाळली आहे.